हॅना, मृत. हॅना, वय बेचाळीस.

ऑस्ट्रेलियातल्या सेबास्टोपोल गावात मर्ल प्रॉसरला ओळखत नाही असा माणूस विरळा. तीस वर्षं तिने बॅलरॅटच्या इस्पितळात चादरी धुतल्या आणि निवृत्त झाल्यावर पूर्वजांच्या हात धुऊन मागे लागली. दर मंगळवारी ती वाचनालयामागच्या वंशावळीच्या खोलीत जाऊन बसायची. वेल्समधून नवऱ्यासोबत सोन्याच्या खाणींवर आलेली खापरपणजी ग्वेनलियन सापडली, तेव्हा तिने गल्लीभर केक वाटला होता.

आणि मग जहाजाची यादी हाती आली. ग्वेनलियन, तिचा नवरा, मुलगी हॅना, वय दोन. हॅनापुढे लिहिलं होतं: गोवर, समुद्रात दफन.

मर्लच्या पणजीचं नाव हॅनाच. ती जर वाटेतच गेली, तर मर्ल कुणाची?

"मी म्हणत नव्हतो? तुमचं खानदानच कुणीतरी उचलून आणलेलं," तिचा नवरा वॉल म्हणाला.

"तू गप रे. तुझे पूर्वज तर कैदी म्हणून बेड्या घालून आणलेले, तेही सरकारी खर्चाने!"

बोलून गेली, पण मनातून शंका जाईना. पणजीच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. खाणीवरच्या तंबूत पोर झालं तर कचेरीत जायला कुणाला सवड होती? लग्नाच्या दाखल्यात आई म्हणून ग्वेनलियनचं नाव होतं, पण ते सांभाळलेली मुलगीही सांगेलच की. मर्लची आई शेवटपर्यंत म्हणायची, "आपण ग्वेनलियनची माणसं, आपण रडत बसत नाही." ईस्टरला साठ नातेवाईक जमणार होते, भिंतीवर वंशवृक्ष लागणार होता. आता त्यातून स्वतःचीच फांदी स्वतःच्या हाताने छाटायची?

"अगं, ग्वेनलियनचा मृत्यूचा दाखला मागवलास का?" मंगळवारी वंशावळीची खोली सांभाळणाऱ्या नोरीनने विचारलं. "आपल्याकडे त्यात सगळी मुलं लिहितात. जिवंत, मेलेली, सगळी."

"नाही मागवला. त्यात हॅना नसली तर?"

"आणि असली तर? कमाल आहे बाई तुझी! आण इकडे तो माउस."

दाखला पडद्यावर आला. साल एकोणीसशे एक. मर्लने चष्मा पुसला आणि मुलांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

हॅना, मृत. हॅना, वय बेचाळीस. खाली आणखी चार भावंडं.

नोरीन हळूच म्हणाली, "चॅपलला जाणारी जुनी वेल्श माणसं असंच करायची गं. लेकरू गेलं की पुढच्याला तेच नाव. जहाजावर एक गेली, इथे येऊन दुसरी झाली."

मर्लने दोन्ही नावं पुन्हा वाचली. एक हॅना समुद्रात सोडून आलेली ती बाई, त्यानंतर बेचाळीस वर्षं रोज तेच नाव घेऊन दुसरीला जेवायला हाका मारत होती. केवढी छाती म्हणायची ही! आपण तिची माणसं आहोत या आनंदाचंसुद्धा मर्लला क्षणभर भान राहिलं नाही.

तेवढ्यात तिची नजर खाली गेली. माहिती देणार: मुलगी, हॅना.

आईला नुकतीच माती देऊन ती कचेरीत बसली असेल. कारकुनाने विचारलं असेल, मुलं किती? सगळ्यांत आधी तिने स्वतःचंच नाव सांगितलं आणि त्याला 'मृत' लिहायला लावलं. मग तेच नाव पुन्हा सांगितलं.

नोरीनने विचारलं, "मग ईस्टरच्या तक्त्यावर कुठली हॅना घालायची?"

"दोघी," मर्ल म्हणाली. "मोठी आधी."