साईराजच्या नावाचा हिरवा ठिपका

राजेश्वरीचं माहेर उंब्रजचं, अगदी हायवेला लागून. वडलांचं शेतीच्या अवजारांचं दुकान पुढं आणि घर मागं, त्यामुळं गाड्यांचा आवाज तिच्या अंगवळणी पडलेला. लग्न होऊन कोरेगावच्या पलीकडच्या गावात आली, तेव्हा तिला सासुरवासापेक्षा तिथल्या दुपारची धास्ती बसली. सासरे लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. जेवण झालं की हुकूम सुटल्यासारखे झोपायचे. सासूबाई चंद्राबाई ओसरीवर आडव्या व्हायच्या, पण त्यांचा एक कान कायम जागा. बाहेर ऊस उभा, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि नवरा साईराज केरळात.

साईराज गलाईच्या दुकानात कामाला होता. जुनं सोनं मुशीत वितळवून चोख करून द्यायचा हा धंदा. त्या भागातली माणसं त्यापायी देशभर पांगलेली. मामाचं दुकान त्रिशूरला, वरच्या माळ्यावर सगळे कामगार एकत्र राहायचे. बायकोला न्यायला जागा नव्हती. लग्नानंतर थोडे दिवस राहून तो जायला निघाला, तेव्हा त्यानं तिचा फोन घेतला आणि त्यात एक गेम घालून दिला.

"माझ्यासंगं खेळत जा," तो म्हणाला. "म्हंजी करमंल तुला."

गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. दोघं त्याला नुसतं गेमच म्हणायची. त्यात नाना तऱ्हेचे लढवय्ये होते, पण हवा तो घेता येत नसे. रोज खेळून थोडी थोडी रत्नं साठवायची आणि पुरेशी साठली की चिठ्ठी उचलावी तसा एक लढवय्या उचलायचा. कोण हाती लागेल ते नशिबावर. आलेल्यांतून चौघांची टीम बांधायची, आणि जोडीदाराच्या टीमबरोबर बुरूज चढायचा. एकेका मजल्यावर एकेक राक्षस.

साईराजला खेळण्यापेक्षा प्रतवारी लावण्याची हौस दांडगी. नवा लढवय्या आला की तो त्याचा वार, त्याचा बचाव, सगळं तपासायचा आणि आपल्या धंद्यातला शेरा मारायचा: हा चोवीस कॅरेट, ही बावीस, तो अठरा. त्याखालचं सगळं पितळ. त्याच्या टीममध्ये तिघं मारणारे आणि एक ढालवाला. राक्षस पडला तर पहिल्या झटक्यात पडायचा, नाहीतर ह्यांचीच टीम गारद व्हायची.

राजेश्वरीला पहिल्याच उचलीत मीरो आली. हातात कंदील घेतलेली, पाय ओढत चालणारी एक पोक्त बाई. ती स्वतः कुणाला मारत नसे. तिच्या कंदिलाच्या उजेडात जो उभा राहील त्याच्या जखमा हळूहळू भरायच्या, एवढंच.

"आवं, मला कंदीलवाली आली," तिनं फोनवर सांगितलं.

"ती पितळ हाय. टीममधी घिऊ नको."

"पयलीच आलीया मला. न्हाई कशी घिऊ?"

"मग बसीव एका बाजूला. तिला घिऊन बुरूज चढत न्हाई कोन."

तिनं मीरोला बाजूला बसवलं. पण अधूनमधून तिचा कंदील थोडा वाढवत राहिली, त्याला न सांगता.

दुपारी भांडी घासून झाली की ती फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या कोनाड्यापाशी बसायची. तिकडं भट्टी निवत ठेवून साईराजही जेवायला बसलेला असायचा. त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका उमटला की तिचा दिवस सुरू व्हायचा. फोनवरचं बोलणं घरभर ऐकू जायचं, पण गेममध्ये खाली लिहायला एक चौकट होती, आणि त्या चौकटीला चंद्राबाईंचा कान नव्हता. तिथं ती लिहायची. भाजी खारट झाली, वडलांची आठवण आली, मळ्यात एकटीला भीती वाटली. त्याची उत्तरं म्हणजे 'ओके', 'बरं', 'चल, वरच्या मजल्यावर.' तेवढ्यावर ती भागवून घ्यायची. बायकोशी लांबड लावत बसायचा त्याचा स्वभावच नाही, अशी तिनं आपली समजूत घातली होती.

मग आषाढात, साईराज चार दिवस घरी येऊन गेल्यावर, काहीतरी बदललं.

एका दुपारी तिनं पाहिलं, तर साईराजच्या टीममध्ये मीरो. एक मारणारा काढून त्यानं तिला घेतलं होतं. ढालवाला पुढं, मीरो त्याच्या पाठीशी, दोघं लांबून बाण मारणारे मागं. तिनं विचारलं, "पितळ ना ती?"

उत्तर यायला वेळ लागला. मग आलं: "नीट बघितलं नव्हतं आधी. ती असली की बाकीच्यांना घाई करावी लागत नाही."

राजेश्वरीनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या आठवड्यात त्यांनी तो मजला पार केला, जिथं दोघं वर्षभर अडकून पडली होती. राक्षस झुंजत राहिला, ढालवाला मार खात राहिला, आणि मीरो त्याच्यामागं कंदील धरून उभी राहिली. तिला वाटलं, आपलं म्हणणं नवऱ्याला उमगलं. उशिरा का होईना, पण उमगलं.

तेव्हापासून त्याची उत्तरंही मोठी झाली. टीममध्ये कुणाला घेऊ, हे तो आता तिला विचारायचा. जेवलीस का, म्हणायचा. श्रावणात तिचे दिवस वर गेले. घरात कुणालाच कळू न देता तिनं मनातल्या मनात आशा धरली, आणि मग एका सकाळी सगळं पाण्यात गेलं. त्या दुपारी तिनं चौकटीत ते जसंच्या तसं लिहिलं. हिरवा ठिपका बराच वेळ नुसता जळत राहिला. शेवटी उत्तर आलं: "काळजी घे. आज बुरूज नको. नुसती बस." ती कोनाड्यापाशी बसून रडली. दुःख तर होतंच, पण कुणीतरी आपल्याजवळ बसलंय असंही तिला तेव्हा वाटलं.

त्या जोरावर तिनं भादव्यात मागणं घातलं. "मला तिकडं न्या. एका खोलीत राहीन. हितं माझा जीव रमत नाही." दोन दिवस काही उत्तर नाही. मग आलं: "दिवाळीला येईन तेव्हा बोलू."

ती कामाला लागली. साड्यांमधल्या हलक्या वेगळ्या काढल्या. बाजारातून स्टीलचे छोटे डबे आणले, दोघांच्या संसाराला पुरतील असे. उंब्रजला आईला फोनवर सांगूनही टाकलं की दिवाळीनंतर बहुतेक केरळात जाईन. आई म्हणाली, "बरं झालं गं. नवऱ्यापाशी हायेस म्हणल्यावर आमाला बी घोर न्हाई."

साईराज दिवाळीला आला. आईला साडी, वडलांना घड्याळ, तिला पैंजण. मित्रांत बसला, मळा बघून आला, फराळ केला. खोलीचा विषय त्यानं काढला नाही. राजेश्वरीनं वाट पाहिली. माणसांच्या गराड्यात कसा काढेल, असं म्हणत ती दोन दिवस थांबली.

पाडव्याच्या दुपारी तो अंगणात मोटरसायकल धूत होता. ती उंबऱ्यावर बसली आणि सवयीनं, दिवसाची रत्नं तेवढी घ्यावीत म्हणून गेम उघडला. साईराजच्या नावापुढं हिरवा ठिपका होता.

तिनं अंगणात बघितलं. त्याचे दोन्ही हात साबणानं माखलेले. फोन आत लावून ठेवला असेल, चालूच राहिला असेल, असं वाटून ती उठून खोलीत गेली. त्याचा फोन चार्जिंगला होता, काळा, बंद. तिच्या हातातल्या फोनवर मात्र त्याची टीम हलत होती. कुणीतरी एका बाण मारणाऱ्याला काढलं आणि दुसऱ्याला बसवलं.

तिनं चौकटीत लिहिलं, "कोण आहे?"

ठिपका लगेच विझला.

ती अंगणात आली. "आवं, तुमचा गेम कोन खेळतंय?"

"शिवतेज," तो चाकावर फडकं फिरवत म्हणाला. गाडी कुणाला वापरायला दिलीय हे सांगावं, तसा. "दुकानातला. विट्याकडचा हाय."

"कवापासनं?"

"आखाडापासनं आसंल. मला कटाळा आलता त्याचा. त्याला पायजे व्हता, दिऊन टाकला."

"आन् माझ्यासंगं बोलत व्हतं ते?"

फडकं थांबलं. "त्यो म्हनला, वहिनी काय काय लिवत्यात, काय करू. मी म्हनलं, दी उत्तर. न्हाईतर तुला वाईट वाटलं आसतं."

"मी काय लिवलं ते तुमाला ठावं हाय?"

"सांगायचा त्यो."

"श्रावणातलं?"

पाईपमधून पाणी नुसतंच मातीत वाहत होतं.

"आन् खोलीचं? दिवाळीला बोलू, आसं कुनी लिवलं?"

"मीच म्हनलं त्याला तसं लिव म्हनून. दिवाळीपातूर टळंल म्हनलं. आता ह्येच्यात एवढं काय हाय, राजे? तुजं मन राखलं का न्हाई?"

आषाढापासूनची एकेक दुपार तिच्यासमोर आली आणि प्रत्येक दुपारी त्या कोनाड्यापाशी एक परका पुरुष बसलेला तिला दिसला. जे आपल्या आईलाही सांगितलं नाही, ते दुकानाच्या माळ्यावर कुणीतरी वाचलं होतं. आणि ज्याच्यासाठी लिहिलं होतं, त्यानं ते ऐकलं, भट्टी पेटवली आणि फोनवर पाऊस कसा आहे ते विचारलं. जे प्रेम मिळालं म्हणून ती हरखली होती, ते ह्या माणसाचं नव्हतंच.

"काय झालं गं?" चंद्राबाईंनी ओसरीवरून विचारलं.

एरवी ती म्हणाली असती, काही नाही. त्या दिवशी तिनं सासूसमोर सगळं सांगितलं, श्रावणातल्या सकाळीसकट. आवाज चढवला नाही. चंद्राबाई आधी खेळाबिळाचं काहीच न कळल्यासारख्या बघत राहिल्या. मग मुलाकडं वळून त्यांनी विचारलं, "परक्याला वाचू दिलंस व्हय रं हे?" साईराजनं मान खाली घातली. त्या उठून आत गेल्या, आणि त्या रात्री त्यांनी त्याच्या ताटात हातानं काही वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकटीत शिवतेजचं लिहिणं आलेलं होतं. "वहिनी, माझं चुकलं. सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर खातं बंद करतो." तिनं एकच विचारलं, "मी लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवत होतात?"

"आधी दाखवायचो," त्यानं लिहिलं. "नंतर, खोलीचं झाल्यावर, ते म्हणाले, तूच बघ, मला सांगत बसू नको."

तिनं जोडीदारांच्या यादीतून साईराजचं नाव काढून टाकलं. पुन्हा शिवतेजला काही लिहिलं नाही. त्याचा राग आला, पण त्याच्यावर रागावण्याइतकं तिचं त्याच्याशी नातं नव्हतं, आणि त्याच्या गोड उत्तरांची आठवण झाली की तिला स्वतःचीच लाज वाटायची. ती लाज तिला नवऱ्यानं आणून दिली होती. तेवढ्यासाठी ती त्याला माफ करू शकली नाही.

साईराज ठरल्या दिवशी परत गेला. जाताना म्हणाला, "फोन करीन." तिनं पिशवी हातात दिली.

मार्गशीर्षात ती कोरेगावातल्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. लालासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चंद्राबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. घरात बसून तरी काय करायचंय तिला?" सकाळची एसटी, दुपारी डबा, संध्याकाळी परत. गेम तिनं ठेवला. एकटीला चढता येतील तेवढे बुरूज चढायची. जोडीचे तिथंच राहिले. टीममध्ये कोण घ्यायचं ते ती कुणाला विचारत नसे.

साईराज आता रोज फोन करायचा. ती पावसापाण्याचं, ऊसतोडीचं, सासऱ्यांच्या खोकल्याचं सांगायची. मनातलं काही सांगत नव्हती. त्यालाही ते जाणवत असावं, कारण फोन ठेवायच्या आधी तो थोडा घुटमळायचा.

संक्रांत झाली आणि एका दुपारी दुकानात असताना त्याचा मेसेज आला. "खोली बघितली आहे. दोघांना पुरेल. नाही म्हणू नको. मी चुकलो." एवढं लांब त्यानं कधी लिहिलं नव्हतं. राजेश्वरी ते अक्षर न् अक्षर बघत राहिली. हे त्यानं लिहिलंय की कुणाकडून लिहून घेतलंय, ते तिला सांगता येईना.

तिनं दुकानाबाहेर येऊन फोन लावला. "आत्ता आलेलं तुमी सोता लिवलंय?"

"मग कोन लिवनार?"

"तोंडानं सांगा."

पलीकडं भट्टीचा पंखा घरघरत होता, माणसं बोलत होती. "हितं सगळी हायेत, राजे," तो हळू आवाजात म्हणाला.

"आसू द्या. माझं बी सगळ्यांनी ऐकलंय."

मग त्यानं ते सगळं बोलून दाखवलं, अडखळत, त्या माणसांसमोर. खोली, दोघांना पुरेल, आणि चुकलो.

"बघते," ती म्हणाली. "आत्ता गिऱ्हाईक हाय." फोन ठेवून ती आत गेली. डब्यांचं आणि निवडून ठेवलेल्या साड्यांचं काय करायचं ते तिनं अजून ठरवलेलं नव्हतं, आणि एवढ्यात ठरवायची तिला घाईही नव्हती.