अनवाणी दीड महिना

उन्हात तापलेल्या डांबराचा वास आला की माझे तळपाय अजून भाजतात. बोटीवर नोकरीला असलेला धाकटा भाऊ वादळात सापडल्याचं कळलं, तेव्हा तो घरी येईपर्यंत चप्पल घालणार नाही, असा नवस मी देवीला बोलले. दीड महिना भर उन्हात बजाजनगरच्या मेसवर पोळ्या लाटायला अनवाणी गेले. तो आला तो गळ्यात क्रूस घालूनच. "बोट बुडायलीच व्हती, आक्का. आमच्या सैपाक्यानं येशूला हाक मारली अन् दर्या निवला. मी बाप्तिस्मा घेतला." "अन् माझे पाय?" मी विचारलं. त्यानं खाली वाकून पाहिलं, "लई भेगा पडल्या गं," म्हणाला आणि मलम आणून दिलं. भेगा भरल्या. त्या सैपाक्याचा हेवा मात्र जात नाही. त्यानं एकदाच तर हाक मारली होती.