दोरीवरची निळी दस्ती

जालन्यात भाड्याच्या खोल्या दाखवणारे एजंट, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते कुलूप काढलं की आधी नळ सोडून बघायचे. "पाणी बघा सर आधी. भिंती काय पळून जात न्हाईत," म्हणायचे. गळ्यातल्या निळ्या दस्तीनं घाम पुसत जिने चढायचे. आम्ही पोचायच्या आत खोली दुसऱ्याला गेलेली असली, की स्वतःचीच चूक झाल्यासारखी मान खाली घालायचे.

बदली होऊन आलो तेव्हा महिनाभर मी त्यांच्या स्कूटीवर मागं बसून हिंडलो. शेवटी एक खोली पसंत पडली. "मालक गावाला गेलेत. आठ दिवस थांबा, मी बघतो," ते म्हणाले.

मला धीर निघाला नाही. माझ्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या ओळखीनं घाईघाईत दुसरीच खोली घेतली आणि मामांना सांगायचं आज-उद्या करत राहिलो.

नंतर एकदा त्या पसंत पडलेल्या खोलीच्या गल्लीतून गेलो. खोलीत कुणी राहायला आलंय असं लोकांना वाटावं म्हणून मामांनी दारापुढच्या दोरीवर आपली निळी दस्ती वाळत घातली होती. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तो दिवस साधून त्यांनी माझ्यासाठी दारातला ड्रमही काठोकाठ भरून ठेवला होता.

परवा ते टपरीवर भेटले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "खोली भेटली म्हणे सर. पाणी बराबर येतं ना तिथं?"

त्याच सकाळी मी शेजाऱ्यांकडून दोन हंडे पाणी मागून आणलं होतं.

"येतं की," मी म्हणालो.