मंठ्याच्या बाजारातली पुडी

नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं हे प्रकरण. निवृत्त झालो तरी मनातून जात नाही. मंठ्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ तणतणत आत आले. त्यांची बहीण दवाखान्यात बेशुद्ध होती. सुनेनं तिला शुगरच्या गोळ्या जास्त चारल्या, असं त्यांचं म्हणणं. मुलगा परगावी कामाला, घरात ही सून आणि म्हातारा-म्हातारी. गोळ्या रोज सूनच द्यायची.

संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. सुनेला बोलावून महिला हवालदारासमोर जबाब घेतला, उलटसुलट विचारलं. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिल्या, यावर ती ठाम होती. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी भर घालतो, हा माझा अनुभव. हिनं एक शब्द वाढवला नाही. सासू गेली असती तर हिच्यावर खुनाचा गुन्हा आणि जन्माचा डाग बसला असता.

मी सरळ दवाखाना गाठला. डॉक्टर वैतागले होते. ग्लुकोज दिलं की बाई डोळे उघडतात आणि थोड्या वेळानं शुगर परत उतरते, कशानं तेच कळेना म्हणाले. मी खाटेसमोरच्या बाकावर बसून राहिलो. बाई जरा शुद्धीवर आल्या. लगेच शेजारी बसलेला त्यांचा म्हातारा उठला, मोठ्या मायेनं पाण्याचा घोट पाजला आणि बोटं धोतराला पुसली. धोतरावर तपकिरी डाग उमटला. अहो, पाण्याचा कुठं असा डाग पडतो?

म्हाताऱ्यांना बाजूला घेतलं. आवाज चढवून पाहिला, उपयोग शून्य. "दुसरं काय बी विचारा साहेब, हे न्हाई सांगता येत," म्हणाले आणि रडायलाच लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं झाडपाल्याचं औषध कुणाला सांगत नाहीत. सांगितलं की त्याचा गुण जातो, अशी समजूत. हा माणूस बायकोच्या जिवासाठी तोंड मिटून बसला होता! त्याला दम देऊन काय होणार, कपाळ?

"सांगू नका," मी म्हणालो. "नुसती पुडी माझ्या हातावर ठेवा."

त्यांनी कमरेची पुडी काढून दिली. आत तपकिरी भुकटी. मंठ्याच्या बाजारातून आणली, हे मग त्यांनी आपणहून सांगितलं. डॉक्टरांनी ती पाहिली आणि डोक्याला हात लावला. असल्या भुकटीत शुगर उतरवणाऱ्या गोळ्याच कुटून घालतात म्हणे. घरच्या गोळ्या चालू, वर ही भुकटी, आणि दवाखान्यातही चिमूट चिमूट चालूच. विकणारा पुढं आष्टीच्या बाजारात सापडला, जवळ गोळ्या आणि खलबत्ता. मुद्देमाल जप्त करून गुन्हा दाखल केला.

बाई वाचल्या. खरं सांगतो, कुठल्या आरोपीला शिक्षा झाल्यावरही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तेव्हापासून ओळखीपाळखीत सगळ्यांना बजावतो, बाजारातली पुडी असो की शेजारणीनं दिलेला काढा, पोटात काय जातंय ते डॉक्टरला आणि घरातल्या एकाला तरी ठाऊक पाहिजे. घरात लपवालपवी नेहमी वाईट मनानंच होते असं नाही, हेही त्या म्हाताऱ्यानं मला शिकवलं.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी म्हातारा सुनेपुढं हात जोडायला गेला. तिनं ते मध्येच धरले.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "सांगितल्यावरच गुण आला बघा."