आईला वाटलं कार्टून आहे

मी बारावीत होते तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर एक हिंदी बोलणारं कुटुंब भाड्यानं राहायचं. वडील बदलीच्या नोकरीतले, आई मिठ्ठास बोलणारी, आणि माझ्याच वयाचा एक मुलगा. तो आणि मी जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एकाच कोचिंगला जायचो, पण वेगवेगळे. तो स्कूटीनं, मी बाबांच्या मागे बसून. बाबाच परत आणायचे. त्यांना उशीर झाला की आई फाटकाशी येऊन उभी राहायची. घरात मला कोणी रागवत नसे, फक्त विचारत. कुठं गेली होती, कोण होतं सोबत, काय बोलले. मी सगळं सांगायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, आजच्या दिवसातलं माझं असं काही राहिलंच नाही.

तो मला आवडायचा, एवढं मात्र मी सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना जे दोन शब्द व्हायचे, तेवढीच आमची ओळख.

थंडीतल्या एका रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन खाली आला. मित्राकडून त्यानं एक जपानी सिनेमा आणला होता, चित्रांचा.

"आंटी, इसको दिखा दूँ? कार्टून है," तो आईला म्हणाला.

आई हॉलमध्ये मटार सोलत होती. कार्टूनला तिची हरकत नव्हती. "दिखाओ बेटा," म्हणाली, पण जागची उठली नाही. सतरंजीवर मध्ये ती, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. पात्रं जपानी बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं येत होती. आईला ती वाचायला जमेनात, म्हणून तो तिला एकेक वाक्य हिंदीत सांगू लागला.

समुद्राकाठच्या गावातली एक शाळकरी मुलगी होती. शाळा सुटली की ती सायकल काढून धक्क्यावर जायची. तिथं तिच्या वर्गातला मुलगा आजोबांच्या होडीला रंग द्यायचा. दोघं बसून राहायची, कधी भांडायची. मुलगी पावसात भिजून घरी यायची, कधी लोकलनं एकटीच शहरात जायची. दार उघडायची आणि निघायची. मी तर त्या दाराकडेच बघत राहिले. प्रेम वगैरे मला नंतर दिसलं.

"हिची आई कुठं गेली?" आईनं मला विचारलं.

"कामाला जाते ती."

"मग ही सांगत काहून नाही कुठं चालली ते?"

आईचे हात चालूच होते.

शेवटी मुलगा शिकायला दुसऱ्या गावी निघतो. मुलगी धक्क्यावर धावत येते आणि त्याच्यासमोर उभी राहून काहीतरी म्हणते. खाली अक्षरं आली. मी वाचली. आई त्याच्याकडे बघत थांबली, कारण तो गप्प झाला होता.

"क्या बोली?" आईनं विचारलं.

तो स्क्रीनकडे बघूनच म्हणाला, "बोल रही है कि... तुम मुझे अच्छे लगते हो।"

त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. माझे कान तापले. आईनं हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

"अच्छा," ती म्हणाली. "फिर?"

"फिर कुछ नहीं आंटी. वो चला जाता है."

आईनं शेंग सोलली. सिनेमा संपल्यावर त्याला चहा दिला, मटाराची कचोरी दिली. मला एका शब्दानंही काही विचारलं नाही. तिनं न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मला भीती वाटली.

पुढं होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आंघोळ करून घे. वरच्या भैयाला ओवाळायचं आहे. दूज आहे आज."

"आपल्यात होळीनंतर भाऊबीज कुठं असते?"

"इथं असते. इथं राहून राहिलो तर इथलं पण करावं."

तो त्याच्या आईसोबत खाली आला. नवा कुर्ता घातला होता, गालाला रंग अजून होता. त्याची आई मनापासून खूश होती. तिला मुलगी नव्हती. पाट मांडलेला, ताट तयार. मी त्याच्या कपाळाला टिळा लावला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. मग खिशातून चॉकलेट काढून माझ्या हातावर ठेवलं.

"बस, अब भाई हो गया तुम्हारा," त्याची आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची फेरी बंद झाली. "भैयासोबत जात जा, कशाला हेलपाटा," आई म्हणाली. ज्या स्कूटीवर बसण्याची मी कल्पनाही केली नव्हती, तिच्यावर मी रोज बसू लागले. मोहल्ल्यात कोणी वळून बघत नव्हतं. आणि आम्हाला बोलताच येत नव्हतं. मी मधे दप्तर ठेवून बसायची.

एके दिवशी कोचिंगपाशी तो थांबला नाही. शहर मागे टाकून पनागरच्या रस्त्याला लागला. मीही थांब म्हटलं नाही. एका टपरीवर आम्ही चहा घेतला.

"अकेले में मुझे भैया मत बोला कर," तो म्हणाला.

"फिर क्या बोलूँ?"

त्यानं विचार केला. चहा संपवून आम्ही परतलो.

दोन-चार दिवसांनी शेजारच्या काकू आमच्याकडे आल्या. मी आत पोळ्या लाटत होते. "तुमची पोरगी दिसली बरं का, पनागरकडे. वरच्या पोरासंगं," त्या आईला म्हणाल्या.

"हो, मीच पाठवलं होतं भाजी आणायला," आई म्हणाली. "भाऊ आहे तिचा. ताजी मिळते तिकडं."

काकू गेल्या. आई स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि पोळी गोल करू लागली. ती रागावली असती तर मी भांडले असते. तिच्याकडे पाहून मला भांडताही येईना.

"उद्यापासून मी ऑटोनं जाते," मी म्हणाले.

"तुझी मर्जी," ती म्हणाली.

त्यानं कारण विचारलं नाही. परीक्षा झाल्या, आणि उन्हाळ्यात त्याच्या वडिलांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा तो सगळ्यांच्या पाया पडला. माझ्यापाशी येऊन थांबला, "चलो," म्हणाला, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मी कॉलेज जबलपुरातच केलं. वरच्या मजल्यावर त्यानंतर बाबांनी फक्त नवरा-बायको असलेली बिऱ्हाडंच ठेवली.