साक्षीदार खोलीबाहेर गेल्यावर

मामाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं बॉक्सिंगच्या तालमीत सगळे म्हणतात. हे तितकंसं खरं नाही. शेंड्यावर तो क्षणभरच थांबतो, मग थेट समोरच्याच्या अंगावर जातो. ओला टॉवेल खुर्चीवर टाकलेला दिसला की राग. पट्ट्या बांधलेल्या हाताने कुणी मोबाईल उचलला, तर मग विचारूच नका. तरी सगळे निमूट ऐकून घेतात, कारण गेल्या पस्तीस वर्षांत मामाने बांधलेल्या हाताचं एकही हाड मोडलेलं नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड.

मामा धड प्रशिक्षक नाही आणि धड डॉक्टरही नाही. तरुणपणी तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता. जखमा धुता धुता त्याचा हात इतका बसला की तालमीवाल्यांनी त्याला उचलून नेला तो कायमचाच. लढतीआधी हात बांधायचे आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात फुटलेल्या भुवईचं, नाकाचं, ओठाचं रक्त थांबवायचं, हे त्याचं काम. त्या मिनिटातले दहा सेकंद रिंगच्या दोरांतून आत शिरण्यात जातात आणि दहा बाहेर पडण्यात. उरलेल्या चाळीस सेकंदांत मामाचा हात कधी थरथरला नाही.

या धंद्यात एक रीत आहे. हात बांधताना विरुद्ध बाजूचा एक माणूस साक्षीदार म्हणून खोलीत बसतो. पट्टीखाली कुणी काही कडक लपवत नाही ना, एवढंच त्याने बघायचं. बांधून झालं की अधिकारी पट्टीवर सही करतो, साक्षीदार उठून जातो, दार लागतं. मग मामा विचारतो, "आता सांग, कुठे दुखतंय?" तिथे खोटं बोलायचं नाही. बायकोशी बोला, आईशी बोला, पण दार लागल्यावर मामाशी नाही. उत्तर ऐकून मामा ठरवतो, लढायचं की घरी जायचं, आणि लढायचं तर काय झाकायचं. हे कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही. पण त्या दाराला कान लावून उभा राहिला असा माणूस मामाने आजवर पाहिला नव्हता, आणि या खेळात माणसं काही संतमहात्मे नसतात.

सगळ्यांनी मामा म्हटलं तरी खराखुरा मामा तो एकीचाच. धाकट्या बहिणीने नवव्या वर्षी तिला दंडाला धरून तालमीत आणलं होतं. वर्गातल्या एकाचा दात पाडून ती आली होती. "दादा, हिचं काहीतरी कर," बहीण म्हणाली. दादाने केलं. आज भाची सव्वीस वर्षांची आहे, व्यावसायिक बॉक्सर आहे, अकरा लढतींपैकी नऊ जिंकली आहे, आणि कुत्रं तिला ओळखत नाही. तिच्या लढतीला पहिल्या दोन रांगांत नातेवाईक असतात आणि मागच्या सगळ्या रांगांत खुर्च्या. वरच्या क्रमांकाच्या बायका तिच्याशी लढायला तयार होत नाहीत, कारण हिला हरवून नाव मिळत नाही आणि हिच्याकडून हरलं तर नाक कापलं जातं.

म्हणून ती त्या टीव्हीच्या स्पर्धेत गेली. बारा व्यावसायिक बॉक्सर बायका एका बंगल्यात कोंडायच्या, त्यांच्या झोपण्याखाण्यावर, भांडणांवर कॅमेरे लावायचे, दर आठवड्याला लढती लावायच्या. हरेल ती घरी. शेवटी उरेल तिला अजिंक्यपदाची लढत. भाचीला दुसरं कुठलंच दार उघडं नव्हतं, आणि हात बांधायला आपला माणूस आणायची मुभा होती. मामा गेला.

तिथे मामाने काय काय सहन केलं ते त्याचं त्यालाच माहीत. त्याच्या टकलावर पावडर लावली. कार्यक्रमाची सूत्रं जिच्या हातात होती तिला सगळे मॅडम म्हणत. तिशीतली बाई, आवाज साखरेत घोळलेला. "सर, पट्टी सोडून परत एकदा बांधाल का? मघाशी लाइट नीट नव्हता." असं तीनदा. एकदा म्हणाली, "सर, ती लहान असतानाचं काहीतरी सांगा ना, डोळ्यांत पाणी येईल असं."

"कांदा आणा," मामा म्हणाला.

मॅडम हसली. मामा हसला नाही. भाचीसाठी त्याने तोंडावर पट्टी बांधून घेतली होती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

चौथ्या आठवड्यात भाचीची लढत एका उंच पोरीशी लागली. त्या पोरीच्या प्रशिक्षकाला सगळे वस्ताद म्हणत. तो साक्षीदार म्हणून खोलीत बसला. तीस वर्षांची ओळख. त्याने पट्ट्या पाहिल्या, अधिकाऱ्याने सही केली, वस्ताद उठला. कॅमेरावालाही कॅमेरा खांद्यावर टाकून गेला. मामाने कॉलरचा माइक काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून टाकला. आपण मोठे हुशार, असं त्याला त्या वेळी वाटलं होतं.

"आता सांग, कुठे दुखतंय?"

भाचीने दाराकडे पाहिलं. "डावीकडे. खालची बरगडी. मंगळवारी सरावात ठोसा बसला. खोल श्वास घेतला की टोचतं."

"मंगळवारी बसला आणि आज सांगतेस?"

"आज विचारलंस."

मामाने दोन बोटं टेकवली तशी तिने ओठ आवळले. तिथेच लढत रद्द करायला हवी होती. हे दुसरं कुणी म्हणायच्या आधी मामा स्वतः म्हणतो, आणि स्वतःला शिव्याही घालतो. पण भाची म्हणाली, "मामा, ती उंच पोरगी जन्मात कधी अंगावर मारत नाही. डोकंच शोधत बसते. मला माहितीये, तुलाही माहितीये." ते खरं होतं. मामाने त्या पोरीच्या सात लढती पाहिल्या होत्या. "डावं कोपर बरगडीला चिकटव," तो म्हणाला, "आणि घर पेटलं तरी हलवू नकोस."

पहिली फेरी सुरू होऊन मिनिट झालं नसेल, तेवढ्यात ती उंच पोरगी गुडघ्यांत वाकली आणि तिने डाव्या बरगडीवर ठोसा मारला. एकदा बसला तर मामा म्हणाला, नशीब. दुसऱ्यांदाही नशिबालाच दोष दिला. चौथ्यांदा बसला तेव्हा त्याने समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. वस्ताद आपल्या बुटांकडे बघत होता.

मधल्या मिनिटात मामाला करण्यासारखं काहीच नव्हतं. रक्त नव्हतं, सूज नव्हती. जे मोडत होतं ते आत मोडत होतं. "चालेल," भाची म्हणाली, आणि ते म्हणताना तिला श्वास अर्धाच घेता आला. तशाही अवस्थेत दुसऱ्या फेरीत तिने त्या पोरीचं नाक फोडलं. गुणांवर ती पुढे होती. तिसऱ्या फेरीत बरगडीवर आणखी एक बसला, तिचं तोंड उघडंच राहिलं आणि कोपर आपोआप खाली गेलं. मामाने टॉवेल रिंगमध्ये फेकला, म्हणजे तिच्या वतीने हार मानली.

रेफरीने लढत थांबवली. "मी जिंकत होते," भाची म्हणाली. मामाने धरायला हात पुढे केला, तो तिने झटकला. कॅमेरा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. त्याला ती म्हणाली, "माझ्याच माणसाने मला हरवलं." हे वाक्य चॅनेलने पुढचा आठवडाभर दर जाहिरातीनंतर वाजवलं.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्यातल्या एकीचं टोक प्लीहेपासून बोटभर अंतरावर होतं. प्लीहा फुटली असती तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावरच बेतलं असतं. हे मामाला बहिणीने हॉस्पिटलच्या वॉर्डच्या दारात सांगितलं, कारण आत त्याला मज्जाव होता. "ती म्हणते, मामा घाबरला," बहीण म्हणाली. "आणखी काय म्हणते?" "म्हणते, त्याला स्वतःला कधी लढायला मिळालं नाही, म्हणून तो जळतो." मामा जिना उतरून खाली आला आणि त्याने तिथल्या एका बादलीला अशी लाथ घातली की बादली फरशीवरून दारापर्यंत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी वस्ताद तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना.

"तुला सांगायला आलोय," तो म्हणाला. "त्या दिवशी खोलीतून बाहेर पडलो आणि मॅडमने मला हेडफोन दिला. म्हणाली, तुमच्या पोरीने परवा बंगल्यातला खेळ जिंकला ना, त्याचं हे बक्षीस, एक गुपित. मला वाटलं काहीतरी गंमत असेल. तुझा आवाज आला. कुठे दुखतंय."

"मी माइक खणात ठेवला होता."

"दिव्यात दुसरा होता."

मामाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "आणि तू ते पोरीला सांगितलंस."

"ऐकल्यावर न ऐकल्यासारखं कसं करू? माझ्याही पोरीची एकच संधी होती."

"ऐकू आलं तेव्हा हेडफोन काढता येत होता की नाही?"

मामाने त्याला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. वस्ताद मान खाली घालून गेला. मामाने भाचीला फोन केले, ते तिने उचलले नाहीत. निरोप धाडले, ते तिने वाचले नाहीत. बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा, आता सारवासारव करू नकोस."

तीन आठवड्यांनी बहिणीचाच फोन आला. भाचीला स्पर्धेत परत घेणार होते. प्रेक्षकांची मागणी होती, बरगड्या जुळल्या की लढत. अट एकच. मामाने स्टुडिओत येऊन, भाचीसमोर सोफ्यावर बसून तिची माफी मागायची. "दादा, एवढं एक कर. पाया पडते."

"येतो," मामा म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की बहिणीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मामाला माफीशी काही देणंघेणं नव्हतं. पोरगी एका खोलीत समोर बसणार होती आणि तिला उठून जाता येणार नव्हतं, एवढंच त्याला हवं होतं. चाळीस सेकंद पुरले असते.

सोफा गुलाबी होता. भाची समोर बसली होती, अंग आखडून, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. मॅडमने बोट वर केलं.

"चूक माझी झाली," मामा म्हणाला. "साक्षीदार गेला म्हणजे खोलीत आपण दोघंच उरलो, असं मी समजलो. यांनी दिव्यात माइक लावला होता. तुझी बरगडी यांनी वस्तादाला ऐकवली, बक्षीस म्हणून. ती पोरगी म्हणून खाली मारत होती. चौथा ठोसा बसला तेव्हा मला कळलं, आणि तरी आणखी दीड फेरी मी तुला तिथे उभी ठेवली. टॉवेल फेकला याची माफी मी मागणार नाही. उशिरा फेकला, त्याची मागतो."

भाचीने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. "खरं आहे हे?"

"करारात आहे ते," मॅडम गोड आवाजात म्हणाली. "पान चौदा. बंगल्यात आणि सेटवर सगळं रेकॉर्ड होतं, आणि त्याचा वापर खेळात करता येतो. तुम्ही सही केलीये. सर, फार छान झालं, फक्त पहिलं वाक्य परत द्याल? थोडं हळू."

"प्लीहा फुटली असती तर?" भाचीने विचारलं.

"सेटवर डॉक्टर होते ना."

भाची उठली. कॉलरचा माइक तिने तारेसकट ओढून काढला आणि सोफ्यावर टाकला. ती रडत होती, आणि रागाने रडताना ती लहानपणापासून कुणाकडे बघत नाही. ती तशीच दाराबाहेर चालत गेली. मॅडमने कॅमेरावाल्याला विचारलं, "घेतलंस?" त्याने मान डोलावली.

आणि त्यांनी ते दाखवलं. मामा म्हणतो, "चूक माझी झाली." मागे व्हायोलिन. भाची उठते, माइक फेकते, रडत निघून जाते. खाली अक्षरं येतात, ती माफ करेल का? मामाचं बाकीचं सगळं बोलणं कात्रीत गेलं. स्पर्धा उंच पोरीने जिंकली. भाचीची जागा दुसरीला दिली, आणि आयोजक तिचं नाव निघालं की म्हणायला लागले, पोरगी गुणी आहे, पण माणसं सांभाळत नाही. तिचं करिअर त्यांनी दोन मिनिटांच्या तुकड्यात बसवून टाकलं, आणि जाब विचारायला जावं तर पान चौदा.

मागच्या आठवड्यात मामा तिला घेऊन एक्सरेला गेला होता. दवाखान्यातल्या बाकावर दोघं शेजारी बसली होती. तिची फाइल मामाच्या मांडीवर, मामाची पिशवी तिच्या पायाशी. समोरच्या बाकावरच्या एका बाईने बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "हीच ती टीव्हीवरची. एवढा म्हातारा मामा माफी मागत होता आणि ही फणकाऱ्याने उठून गेली. आईबापांनी वळण म्हणून लावलंच नसेल."

भाची ताडकन उभी राहिली. तिची उजवी मूठ वळली होती. मामाचं तर डोकं केव्हाच फिरलं होतं. त्या बाईला काय काय सुनवायचं ते त्याच्या जिभेवर तयार होतं. पण तेवढ्यात त्याने पोरीचा चेहरा पाहिला. उभं राहताना डावी बाजू सांभाळत तिने श्वास धरला होता.

त्याने तिचं मनगट पकडून तिला खाली बसवलं.

"अजून दोन आठवडे," तो म्हणाला. "मग मार."