नाळेतलं वाटीभर रक्त

मागच्या आठवड्यात महाडला होते... माहेरपणाला नव्हे, कामाला. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये बाळंतपणानंतर नाळेत उरणारं रक्त मला संशोधनासाठी हवं होतं.

त्या रक्तात अगदी कोवळ्या पेशी असतात. त्यांतल्या काही पुढे रोगाशी लढणाऱ्या पेशी होतात. कोणती पेशी काय आणि कधी होणार, यावर मायक्रोआरएनए नावाच्या इवल्याशा रेणूंचा बराच ताबा असतो. ते स्वतः प्रोटीन बनवत नाहीत, प्रोटीन बनवायचे पेशीतले काही निरोप तेवढे अडवतात... भलताच निरोप अडला, तर लढणारी पेशी अर्धवटच राहू शकते. चार वर्षं माझी पीएचडी याच्यातच चाललीय.

पहिल्या दोन दिवसांत विचारलेल्या चारही घरांनी नाही म्हटलं. नाळेचं रक्त म्हटलं की माणसं बिचकतात, त्यांचंही बरोबरच. तिसऱ्या दिवशी वरंध गावची एक सून दाखल झाली, दुसऱ्या दिवशी तिचं सिझर होतं. सोबत सासूबाई. त्यांचा करडा चेहरा बघून मी बाहेर काढलेला संमतीचा फॉर्म परत पर्समध्ये टाकणार होते...

"बाळाला काय होनार नाय ना?" त्यांनीच विचारलं.

"नाही आजी. नाळ कापल्यावर जे टाकून देतात, तेवढंच घेणार."

"आनि त्यात काय शोधतेस गो?"

जमेल तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीचा पोरगा सारखा आजारी पडायचा. दहा महिन्यांचा गेला... डॉक्टर म्हनले, अंगात लढायची ताकदच नाय. ह्यानंच झालं असंल का?"

हो म्हटलं असतं, तर लगेच सही मिळाली असती. पण जीभ रेटेना. "माहीत नाही आजी. कारणं खूप असतात. आणि या रक्ताचा तुमच्या बाळालाही काही फायदा होणार नाही."

त्या सुनेकडे वळल्या. "बाळ तुझं हाय, तूच ठरव. माझी ना नाय."

सुनेने पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, गोरीगोमटी, ठणठणीत. मी रक्ताच्या नमुन्याचा डबा मांडीवर धरून पुण्यातली माझी लॅब गाठली. आज मायक्रोस्कोपखाली पाहिलं... पेशी जिवंत आहेत, वाढतायत.

उद्या या संशोधनाचा पेपर छापून आला तरी त्यात या घराचं नाव नसेल, फक्त नमुन्याचा नंबर. नियमच तसा, म्हणून इथेही नाव लिहीत नाही. आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं... तरी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मनापासून आभार.